साठ ईमेल, दोन उत्तरं

‘ताई, मी ३१ वर्षांची. पुण्यातल्याच एका संस्थेत तोंडाच्या कॅन्सरवर पीएचडी करतेय. थिसिस सबमिट झालाय, दोनेक महिन्यांत व्हायव्हा (तोंडी परीक्षा) होईल. एक पेपर निघालाय, दुसऱ्याचा ड्राफ्ट आठ महिने गाइडकडे पडून आहे. पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन) अमेरिका आणि युरोप मिळून साठ ईमेल पाठवले, उत्तरं आली दोन, दोन्ही नकाराची. गाइड म्हणतात, घाई कशाला, पेपर निघेपर्यंत इथेच आरए (रिसर्च असोसिएट) म्हणून थांब. नवरा हिंजवडीत आयटीत आहे, तो म्हणतो तू जा, मी बघतो. सासूबाई बोलत काहीच नाहीत, पण “अजून किती शिकणार?” हे चेहऱ्यावर दिसतं. त्यात मागच्या दिवाळीत बाबांची बायपास झाली. परदेशी जावं, इथेच कुठे बघावं, की सगळं सोडून कंपनीत नोकरी धरावी, काहीच सुचत नाही. मी पाठवते तो ईमेल आणि सीव्ही सोबत जोडलाय.’
– एक वाचक, कोथरूड

तू ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ ‘अगं तू’वर येते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि जोडलेला ईमेल चार वेळा. ईमेलपासूनच सुरुवात करते, कारण पत्रातल्या गोंधळाचं मूळ मला तिथे सापडलं. ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे’ इथून तू सुरू करतेस. पुढे वेस्टर्न ब्लॉट, फ्लो सायटोमेट्री, क्रिस्पर अशी अकरा तंत्रांची यादी. शेवटी मी मेहनती आहे, टीममध्ये मिळून मिसळून राहते. तुला शोधायचं काय आहे, हे सांगणारं एक वाक्य मी त्यात शोधत होते. ते सापडलं नाही. माझ्या छोट्याशा लॅबलासुद्धा आठवड्याला असे तीन-चार ईमेल येतात. रात्री ग्रँटचं काम आटोपून मी ते उघडते, आणि पहिल्या दोन ओळींत माझ्या कामाचा मागमूस नसला तर बंद करते. त्या साठांतल्या बहुतेकांनी तुझ्या पत्राचं तेच केलं असणार. त्यांनी तुला नाकारलं असं मनात धरू नकोस. तू त्यांना दिसलीच नाहीस.

आणि दिसण्यासारखं तुझ्याकडे आहे! सीव्हीच्या दुसऱ्या पानावर, अगदी तळाशी, एका ओळीत तू लिहिलंयस की गाल-हिरडीच्या कॅन्सरपासून वाढवलेल्या तुझ्या दोन सेल लाइन्समध्ये कॅस्पेज-८ निकामी आहे, आणि औषध दिल्यावर या पेशी वेगळ्याच तऱ्हेने मरतात. ती ओळ वाचून मी खुर्चीत सरसावून बसले.

या क्षेत्रात नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. सेल लाइन म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी. बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरावं अशी शरीरात सोय असते, आणि कॅस्पेज-८ ही त्या सोयीतली एक मोठी कळ. तिच्यामुळे पेशी आवरून-सावरून, शेजाऱ्यांना पत्ता न लागू देता मरते. मरणाचं आणखी एक दार आहे, नेक्रॉप्टोसिस. एरवी ते दार कॅस्पेज-८च दाबून धरतं. कॅस्पेज-८ गेलं की ते उघडू शकतं. मग पेशी फुटून मरते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना हाक जाते. कॅन्सरच्या गाठीत अशी हाक गेली तर पुढे काय होतं, या प्रश्नावर आज बऱ्याच लॅब डोकं खपवताहेत. आणि हा प्रश्न आपल्या मातीतला आहे. गाल आणि हिरडीच्या बेचक्यात तंबाखूचा बार धरणं, मावा, गुटखा, बायकांची मिश्री, यातून होणारा कॅन्सर पाश्चात्त्य देशांत तुलनेने कमी दिसतो. भारताच्या कॅन्सर जीनोम प्रकल्पात याच गाल-हिरडीच्या कॅन्सरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिकी संस्था आणि खारघरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र त्यात होतं. वारंवार बिघडलेल्या जीन्समध्ये, अनेक कॅन्सरमध्ये बिघडणाऱ्या टीपी५३च्या जोडीला, कॅस्प८ म्हणजे कॅस्पेज-८चं जीन सापडलं. म्हणजे तुझ्या फ्लास्कमध्ये वाढतंय ते जगातल्या फार थोड्या लॅबपाशी असेल. आणि तू ते सीव्हीच्या तळाशी लिहितेस.

साठ ईमेल आता विसर. आठ पत्रं लिहायची. त्याआधी एक वही घे आणि तुझा प्रश्न तीन वाक्यांत उतरव, बाबांना वाचून दाखवलास तर त्यांना कळेल अशा भाषेत. या प्रश्नाचा पुढचा तुकडा कुठल्या लॅबमध्ये सुटू शकेल, हे मग पेपर वाचून ठरव. देशाचं नाव त्या यादीत आपोआप येईल. तू देशापासून सुरुवात केलीस, म्हणून बाबांची बायपास, सासूबाईंचा चेहरा आणि अमेरिका हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलं गेलं आणि ते तुला उचलेना.

पत्र कसं असावं ते इथे मराठीत सांगते, इंग्रजीत तू उतरवशील. समजा, एखाद्या लॅबने उंदरांच्या गाठींवर काम केलंय आणि नेक्रॉप्टोसिसनंतर तिथे टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, जमतात असं दाखवलंय. मग लिही: ‘तुमच्या पेपरमधली चौथी आकृती मी पुन्हा पुन्हा पाहिली. माझ्याकडे तंबाखू खाणाऱ्या रुग्णांच्या गाल-हिरडीच्या गाठींपासून वाढवलेल्या दोन सेल लाइन्स आहेत. दोन्हींत कॅस्पेज-८ निकामी आहे आणि औषध दिल्यावर पेशी फुटून मरतात. त्यानंतर टी-पेशी खरंच जाग्या होतात का, हे पाहण्याची सोय आमच्याकडे नव्हती. तुमच्याकडे ते पाहता येईल असं मला वाटतं.’ पुढे एका वाक्यात: सेल लाइन्सची एसटीआर तपासणी झालेली आहे, मायकोप्लाझ्मा दर महिन्याला तपासतो. शेवटी व्हायव्हाची तारीख, कधीपासून येऊ शकशील, आणि कुठल्या फेलोशिपला स्वतः अर्ज करणार आहेस. बस्स. एक पान. आणि त्या सेल लाइन्स बाहेर न्यायच्या तर संस्थेचा लेखी करार लागतो, रुग्णांच्या संमतीपत्रात त्याला जागा लागते. तेव्हा त्याची चौकशी आधी कर, मगच त्यांचा उल्लेख ‘बरोबर आणीन’ असा कर.

एसटीआर आणि मायकोप्लाझ्माचं वाक्य गाळू नकोस. एसटीआरने सेल लाइनची ओळख पटते, आणि मायकोप्लाझ्मा म्हणजे पेशींमध्ये नकळत वाढून प्रयोग बिघडवणारा जिवाणू. ज्याने कधी डॅपी या डीएनए दाखवणाऱ्या रंगाने रंगवलेली स्लाइड पाहताना निळ्या केंद्रकाभोवती बारीक निळे ठिपके पाहिलेत आणि वर्षभराचे प्रयोग कचऱ्यात टाकलेत, त्याला हे वाक्य वाचून तुझ्याबद्दल जो विश्वास वाटेल तो अकरा तंत्रांच्या यादीने वाटणार नाही.

आता तारखा, कारण इथे गाफील राहून चालत नाही. तुझं घड्याळ पीएचडी मिळते त्या दिवशी सुरू होतं. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संघटनेची पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. अर्ज करताना पीएचडीला दोन वर्षांहून जास्त झालेली चालत नाहीत आणि पहिल्या लेखकाचा निदान एक पेपर लागतो. तो तुझ्याकडे आहे. अर्ज वर्षभर घेतात. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला पीएचडीनंतर चार वर्षांची मुदत. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपचा अर्ज सहसा सप्टेंबरात भरतात. तिथे अट अशी की ज्या देशात जायचं त्या देशात आधीच्या ३६ महिन्यांत तू १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस. ह्यूमन फ्रंटियर या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची तीन वर्षांची फेलोशिप विषय बदलून काहीतरी धाडसी करू पाहणाऱ्यांसाठी असते. पेशीच्या मरणाकडून प्रतिकारशक्तीकडे वळणं त्यात नीट बसू शकेल. यातल्या प्रत्येक ठिकाणी आधी लॅबप्रमुखाचा होकार लागतो, मग अर्ज, मग निकालाला काही महिने. म्हणजे आज पत्र लिहिलंस तर प्रत्यक्ष जायला वर्ष लागेल असं धर. आरए म्हणून वर्ष-दोन वर्षं सहज निघून गेली, तर एम्बोचं दार तुझ्या नकळत बंद झालेलं असेल.

अमेरिकेचं गणित वेगळं आहे. तिथल्या सरकारच्या बऱ्याच पोस्टडॉक फेलोशिप नागरिकांसाठी किंवा ग्रीनकार्डवाल्यांसाठी असतात. तुझा पगार बहुधा लॅबप्रमुखाच्या ग्रँटमधून येईल. म्हणून मुलाखतीत न लाजता विचार: माझा पगार कुठल्या ग्रँटमधून, आणि ती ग्रँट कधीपर्यंत? हा प्रश्न उद्धटपणाचा मानतात अशी आपल्याकडे उगाच समजूत आहे. पोस्टडॉकसाठी सहसा जे-१ व्हिसा मिळतो, संशोधकाला त्यावर जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. पूर्वी परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट बऱ्याच भारतीयांना लागायची, कारण ज्या देशांना त्यांच्या कुशल माणसांची मायदेशी गरज आहे अशांच्या अमेरिकेच्या यादीत (कौशल्य यादीत) आपला देश होता. डिसेंबर २०२४ मध्ये भारत त्या यादीतून निघाला. सरकारी पैशावर गेलीस तर मात्र अट लागू शकते. आणि ‘तू जा, मी बघतो’ म्हणणाऱ्या तुझ्या नवऱ्यासाठी: जोडीदाराला मिळणाऱ्या जे-२ व्हिसावर त्याला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. जर्मनीत संशोधकाच्या जोडीदाराला नोकरी करता येते. दोघांनी मिळून जायचा पर्याय तुमच्या बोलण्यात आलाय का? तुझ्या पत्रावरून तरी तसं वाटलं नाही.

लॅब निवडताना मी स्वतः केलेली चूक तुला सांगायलाच हवी. माझा पहिला पोस्टडॉक एका मोठ्या नावाच्या लॅबमध्ये होता. नाव पाहूनच गेले. व्हिडिओ कॉलवर प्रमुख छान बोलले, मी हुरळले. तिथून बाहेर पडलेल्या एकाशीही बोलले नाही. फेब्रुवारीत जाऊन पोचले. मे महिन्यात एका शुक्रवारी कल्चर रूममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीत, शेजारच्या हूडवर (काम करायच्या बंदिस्त टेबलावर) बसलेल्या मुलाच्या प्लेटवरचं लेबल वाचलं आणि पोटात गोळा आला. तीच सेल लाइन, तेच जीन, तेच औषध. आमच्या दोघांना एकच प्रोजेक्ट दिलेला होता आणि दोघांनाही कल्पना नव्हती. ज्याचं आधी होईल त्याचा पेपर. त्या मुलाशी माझी पुढे चांगली मैत्री झाली, पण तिथे माझे चौदा महिने गेले. घरी फोनवर ‘छान चाललंय’ म्हणायचे आणि फोन ठेवून रडायचे. दुसरी लॅब मिळवली ती चार माजी लोकांशी बोलूनच.

तूही बोल. सध्या तिथे असलेल्या दोघांशी, आणि सोडून गेलेल्या निदान दोघांशी. ‘लॅब कशी आहे?’ असं विचारलंस तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर येईल. नेमकं विचार. तुमच्या पेपरचा ड्राफ्ट प्रमुखांच्या टेबलावर किती दिवस होता? निघताना प्रोजेक्टचा काही भाग तुम्हाला बरोबर नेता आला का? तुमच्या आधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर बारीक लक्ष ठेव. पुढेमागे तुला स्वतःची लॅब काढायची असेल, तर बरोबर आणता येईल असं काहीतरी तुझ्या हातात असायला हवं. तिथेच सगळं ठेवून रिकाम्या हाताने परतलेली हुशार माणसं मी पाहिली आहेत.

गाइडचं. आठ महिने ड्राफ्ट पडून राहणं बरोबर नाही, हे स्पष्टच म्हणते. पण भांडू नकोस, त्यांच्या शिफारसपत्राशिवाय यातलं काहीच पुढे सरकणार नाही. भेटीची वेळ घे, ड्राफ्टची छापील प्रत घेऊन जा, आणि सांग: ‘सर, व्हायव्हानंतर मी सहा महिने थांबते. त्यात राहिलेले दोन प्रयोग पूर्ण करते आणि पेपर सबमिट करू. अमुक तारखेनंतर मी नसेन.’ त्याच संध्याकाळी ‘आज ठरल्याप्रमाणे’ असं म्हणून तोच मजकूर त्यांना ईमेल कर. सहा महिन्यांच्या वर तिथे थांबायला मात्र माझी तयारी नाही, तुझ्या वतीने बोलायचं तर. आणखी एका शिफारसपत्रासाठी तुझ्या डॉक्टरल कमिटीतल्या बाहेरच्या परीक्षकांना आत्ताच विचारून ठेव.

इथेच राहण्याबद्दल. याला मागे पडणं समजू नकोस. तुझ्या प्रश्नासाठी रुग्ण आणि गाठींचे नमुने इथेच आहेत, जर्मनीतल्या हायडेलबर्गला नाहीत. ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र खारघरला आहे. कोथरूडहून एक्स्प्रेसवेने सकाळी निघालीस तर दुपारच्या जेवणाआधी पोचशील, बाबांना दर शनिवारी भेटता येईल. पुण्यातच विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, देशाचं सेल लाइन्सचं भांडार तिथे आहे. पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे. बंगळूर, हैदराबाद, तिरुवनंतपुरमलाही या विषयावर चांगलं काम चालतं. केंद्राच्या अनुसंधान प्रतिष्ठानची, म्हणजे पूर्वीच्या सर्बची, राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची असते. वयोमर्यादा ३५, बायकांना पाच वर्षांची सूट. त्याशिवाय डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषद) आहे. डीबीटी आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप तर पाच वर्षांची, आणि त्यात स्वतःच्या संशोधनाला पैसे मिळतात. पैशाचं उघडपणे बोलू या: जानेवारी २०२३पासून सरकारी प्रोजेक्टवरच्या आरएला सुरुवातीला महिना ५८,००० रुपये आणि घरभाडं असा दर आहे. प्रत्यक्षात हे पैसे कधीकधी महिनोन् महिने अडकतात. म्हणून निघण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेव, आणि हे नवऱ्याला आत्ताच सांग.

मला विचारशील तर तुझ्या आठ पत्रांपैकी तीन भारतात जावीत, त्यातलं एक नक्की खारघरला. पाच बाहेर, जिथे गाठ आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी एकत्र वाढवायचं तंत्र पक्कं बसलेलं आहे अशा लॅबना. ते तंत्र शिकून तीन वर्षांनी परत यायचं. परतणाऱ्यांसाठी डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे.

आता सासूबाई. त्यांना कमल रणदिवे यांच्याबद्दल सांग. आपल्या पुण्याच्या. १९१७चा जन्म, हुजूरपागेत शाळा, फर्ग्युसनमध्ये कॉलेज. मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कॅन्सरवर काम करून १९४९ साली पीएचडी. तेव्हा लग्नाला दहा वर्षं झाली होती. त्यानंतर त्या पोस्टडॉकसाठी अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या, जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिलेल्या पहिल्या मानवी पेशी, म्हणजे हेला पेशी, ज्या लॅबमध्ये वाढल्या तीच ही. तिथे टिश्यू कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र, शिकल्या, परत येऊन मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली, आणि १९८२ साली पद्मभूषण झाल्या. आपण रोज सकाळी जो इन्क्युबेटर उघडतो त्याच्या मागे ही बाई उभी आहे. ‘अजून किती शिकणार?’ असं सासूबाईंच्या मनात असेल, तर त्यांना हे ऐकायला आवडेल असं मला वाटतं. कदाचित त्या गप्प असण्याचं कारण काळजी एवढंच असेल. तू विचारलं नाहीस, त्यांनी सांगितलं नाही. एकदा लॅबमध्ये घेऊन ये त्यांना, मायक्रोस्कोपखाली तुझ्या पेशी दाखव.

बाबांबद्दल मी दुरून काय सांगणार? त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना सरळ विचार की पुढची दोन-तीन वर्षं कशी दिसतात. मनातल्या भीतीवर ठरवू नकोस. आणि बाबांनाही विचार. आईवडिलांसाठी थांबलेल्या बऱ्याच मुलींना पुढे कळतं की आईवडिलांना ते नकोच होतं.

कंपनीची नोकरी ही काही हार नाही. पुण्यात लस, औषधं, चाचण्या यांच्या कंपन्यांत पीएचडी झालेली माणसं सुरेख काम करताहेत. पण तुझ्या पत्रात तो पर्याय सगळ्यात शेवटी, दमलेल्या माणसाच्या सुरात आलाय. सहा महिन्यांनीही तेच वाटलं तर खुशाल जा. साठ ईमेलमधून एकही होकार आला नाही म्हणून मात्र जाऊ नकोस.

या आठवड्यात एवढंच कर: त्या वहीत तीन वाक्यं. पहिल्या पत्राचा मसुदा झाला की मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. आणि व्हायव्हा झाला की विद्यापीठाचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लगेच मागून घे, पासपोर्टची मुदतही तपासून ठेव.